घेण्याचे माप आणि देण्याचे माप

एक किलो तांदूळ म्हणजे किती वाट्या? आमच्या गोतावळ्यातून हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. परदेशी गेलेल्या भाच्या-पुतण्या विचारतात, घरी मंगळागौर नाहीतर मुंज निघाली की इथल्या सुनाही विचारतात. उत्तर एका ओळीत देता येते : मध्यम आकाराच्या साधारण आठ वाट्या. झाले! पण आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवलेल्या बाईला एका ओळीवर थांबवत नाही, हे घरचे सगळे जाणून आहेत. तेव्हा मंडळी, ज्यांना फक्त आकडा हवा होता त्यांनी तो घेऊन स्वयंपाकाला लागावे. बाकीच्यांनी चहा ठेवून निवांत बसावे.

या साध्या प्रश्नाच्या पोटात एक जुना प्रश्न दडलेला आहे. तांदूळ मापायचा की जोखायचा? आणि मापायचा तर माप कोणाच्या हातात?

आमच्या आजीच्या पिढीला तांदूळ जोखतात हेच मुळी चमत्कारिक वाटायचे. जोखायचे ते सोने, गूळ, तूप, कापूस. धान्य मापायचे. त्याचे कोष्टक मी पहिलीत असताना (१९५७ साल) घरीच तोंडपाठ झाले होते. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. पायलीपर्यंत सगळे दोन-दोनचे कसे, हे पाहिलेत का? ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही एखाद्या गोष्टीचे निम्मे नजरेने करता येते. दहावा भाग करता येत नाही. हे कोष्टक शाळेत जन्मलेले नाही, खळ्यावर जन्मलेले आहे.

आता यातली गंमत बघा. शेर हा मापाचाही होता आणि वजनाचाही. मण मापाचाही होता आणि वजनाचाही. वजनाचा मण चाळीस शेरांचा, तर आमच्या कोष्टकातला मापाचा मण बारा पायल्या, म्हणजे अठ्ठेचाळीस शेरांचा! शिवाय गावागणिक माप निराळे. वर सांगितलेली खंडी २४० पायल्यांची होते, तर जुन्या मुंबईच्या बाजारात सोळा पायल्यांचा फरा आणि आठ फऱ्यांची खंडी, म्हणजे अवघ्या १२८ पायल्या. वजनातही तेच. मुंबईचा जुना शेर होता २८ तोळ्यांचा आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा. 'शेरास सव्वाशेर' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण बाजारात ती अक्षरशः खरी होती.

हा घोळ ज्याला कळत होता तो त्यावर पोट भरायचा आणि ज्याला कळत नव्हता त्याचे पोट मारले जायचे. मला सांगायचे आहे ते हेच.

माझे आजोबा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात (आताचा रायगड) दुसऱ्याच्या जमिनीचे कूळ होते. वर्षभर राबायचे आणि भाताच्या रूपात खंड घालायचा. कोकणात पीक शेतात उभे असतानाच मालकाचा माणूस येऊन अंदाज करी, त्याला 'अभावणी' म्हणत. एवढे पिकेल, त्यातले एवढे आमचे. पुढे पावसाने दगा दिला तरी अंदाज तो अंदाज. मग खळ्यावर माप पडायचे. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार... आजोबा सांगायचे, "लाभ म्हणायचो आम्ही, पण तो कोणाचा ते खळ्यावरच्या पोरांनाही ठाऊक होते." मालकाच्या घरी जाणारे माप शिगोशीग. म्हणजे काठावर टोक येईपर्यंत रास, वरून दोन दाणे ओघळले तरच माप भरले असे समजायचे. तेच आषाढात घरातले दाणे संपले आणि मालकाकडून उसने आणायची वेळ आली की मापावर हात फिरवून सपाट. वर ते परत करायचे दीडपटीने, आणि पुन्हा शीग लावून! त्या मालकाचे नाव मी इथे घेत नाही. तो एकटाच तसा होता असेही नाही. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग काही एका गावात तयार झालेला नाही.

शीग किती मोठी असते? घरी करून पाहा. एक वाटी तांदूळ काठाबरोबर सपाट भरा आणि जोखा. मग तीच वाटी शीग लावून भरा आणि जोखा. भांडे जितके पसरट तितकी शीग मोठी. म्हणून मापाचा नुसता आकार ठरवून भागत नाही, त्याचे तोंडही ठरवावे लागते.

हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजने-मापांवर एक सबंध प्रकरण आहे. (प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आपल्या मराठी माणसाचे केवढे मोठे काम!) त्यात सांगितले आहे की माप वाळलेल्या कठीण लाकडाचे करावे, आणि वरची रास मापाच्या चौथ्या भागाइतकी धरावी, नाहीतर ती मापाच्या आतच धरून माप करावे. या राशीला त्याने शब्द वापरला आहे 'शिखा'. शिखा आणि शीग, किती जवळ आहेत बघा.

पण त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. कौटिल्याचा द्रोण एक नाही, चार आहेत! सरकारी कोठारात धान्य जमा करून घ्यायचा द्रोण २०० पळांचा. बाजारातल्या व्यवहाराचा १८७॥ पळांचा. सरकारातून देणे द्यायचे असेल तेव्हाचा १७५ पळांचा. आणि अंतःपुराला द्यायचा १६२॥ पळांचा. नाव एकच, द्रोण. घेताना दोनशे, देताना पावणेदोनशे. म्हणजे आठव्या हिश्शाचा फरक आणि तोही उघडउघड, शास्त्रात लिहून ठेवलेला. आजोबांच्या मालकाने अर्थशास्त्र वाचले नव्हते याची मला खात्री आहे, पण विद्या मात्र तीच होती.

या बाबतीत मला आपले भास्कराचार्य जवळचे वाटतात. त्यांच्या 'लीलावती'त (सुमारे ११५०) धान्याच्या राशीचे गणित आहे, त्याला 'राशिव्यवहार' म्हणतात. जमिनीवर ओतलेल्या राशीचा घेर मोजायचा. जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग ही राशीची उंची, बारीक असेल तर अकरावा, कुसळांचे असेल तर नववा. बारीक दाणा जास्त पसरतो आणि कुसळे एकमेकांत अडकून रास उंच राहते, हे त्यांनी खळ्यावर उभे राहून पाहिले असणार. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणायचे. समजा, जाड धान्याच्या राशीचा घेर ६० हात. उंची ६ हात. साठाचा सहावा भाग १०, त्याचा वर्ग १००, गुणिले ६, म्हणजे ६०० घनहात. एक हात लांब, रुंद आणि खोल अशा मापाला त्यांनी 'खारी' म्हटले आहे, तेव्हा रास झाली ६०० खारी. आजच्या सूत्राने हेच उत्तर ५७३ च्या आसपास येते, कारण इथे परिघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. नऊशे वर्षांपूर्वी केवळ एका दोरीने एवढे जवळचे उत्तर! आणि मुख्य म्हणजे दोरी कूळही लावू शकते. अभावणीला नजर लागते, आणि नजर मालकाची असते. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा. तिथे राशिव्यवहार शिकलेली मुले खळ्यावर उभी राहिली असतील तर बरेच झाले म्हणायचे.

असो. मापाने मोजण्यात आणखी एक खोच आहे, ती भात आणि तांदूळ यांच्यातली. (शहरातल्या नातवंडांसाठी : भात म्हणजे इथे शिजवलेला नव्हे, तुसासकटचा दाणा.) भात सडले की मापाने साधारण निम्मा तांदूळ मिळतो. दोन पायल्या भात, एक पायली तांदूळ. पण वजनाने पाहाल तर जवळजवळ दोन तृतीयांश मिळतो. सरकार गिरण्यांकडून भरडून घेते तेव्हा १०० किलो भाताला ६७ किलो तांदूळ धरते. मग मापाने निम्माच का? कारण तूस हलके आणि खरखरीत, त्यामुळे भाताच्या मापात हवाच फार. तूस निघाल्यावर गुळगुळीत दाणे एकमेकांना चिकटून बसतात. दोन्ही हिशेब खरे आहेत. पण भात मापाने घ्यायचे आणि तांदूळ वजनाने विकायचा, असे ज्याला जमते तो या दोन खऱ्या हिशेबांच्या मधल्या फटीत घर बांधतो.

इंग्रजांना हा घोळ नको होता. कुळाच्या कळवळ्याने नव्हे, व्यापाराच्या सोयीने. १८३३ साली बंगाल इलाख्यात १८० ग्रेनचा तोळा ठरला. त्यामागे मुख्य डोके होते जेम्स प्रिन्सेप यांचे. तेच प्रिन्सेप, ज्यांनी पुढे अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडली. ते टाकसाळीत होते. पुढे चांदीचा रुपयाही तोळाभर वजनाचा झाला, म्हणून आपल्या आज्या 'रुपयाभार' म्हणायच्या. घरात काटा नसला तरी रुपये असले की वजन करता येई. (रुपये असले तर!)

१८७१ साली तर नवलच झाले. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना कायदा झाला की यापुढे हिंदुस्थानचा शेर एका किलोग्रॅमएवढा असेल, आणि मापाचा शेर म्हणजे तेवढे पाणी मावेल ते भांडे. म्हणजे सरळ लिटर! पण तो कायदा कधी अमलात आलाच नाही. कागदावर राहिला. नाहीतर आमच्या पणजीने किलो पाहिला असता. त्यानंतर १९३९ च्या कायद्याने ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण देशभर प्रमाण ठरला, तो १९४२ पासून लागू झाला. त्या शेराचे आजचे वजन ९३३ ग्रॅम आणि मणाचे ३७ किलो ३२४ ग्रॅम. युद्धकाळात १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि शहरातल्या बायकांना तांदूळ वजनाने घ्यायची सवय लागली. खेड्यात मात्र पायली हलली नाही.

खेड्यात जे हलले ते वेगळ्या मार्गाने. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली शेतकऱ्यांनी संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खोताची जमीन कसायची नाही, असे ठरवून माणसे सहा वर्षे, १९३९ पर्यंत टिकून राहिली. शेतकऱ्यांनी आपल्याच पोटाला चिमटा घेऊन केलेला संप होता तो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यातून कुळ कायद्याची वाट तयार झाली. १९३९ चा, मग १९४८ चा, आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा. शेवटी १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

आता इतिहासाची गंमत बघा. त्याच दिवशी, १ एप्रिल १९५७ ला, देशात नवे पैसे आले! आणे-पै गेले, रुपयाचे शंभर भाग झाले. आणि पाठोपाठ १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक ठिकाणी किलो आला. काही काळ शेर आणि किलो शेजारी शेजारी नांदले, आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजने सक्तीची झाली. आमच्या पिढीने त्या पाच वर्षांत दोन्ही कोष्टके पाठ केली. आण्याची, पैशांची, शेराची, किलोची. आमचे गुरुजी वैतागायचे. पण आजोबा खूश होते. त्यांच्या नावावर सातबारा झाला होता आणि त्यांचे भात पहिल्यांदा वजनकाट्यावर चढले होते. ते म्हणाले होते, "काट्याला शीग नसते." मला तेव्हा काहीच कळले नव्हते. मोठी होऊन इतिहास वाचू लागले तेव्हा कळले.

काट्याला शीग नसते, पण दांडी असते, आणि ती मारता येते, हेही खरे. म्हणून वजनांवर सरकारी शिक्का लागतो आणि तपासनीस लागतो. पण तक्रार करायला काही आधार तरी आहे. शिगेबद्दल कूळ कोणाकडे तक्रार करणार होते? आज रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, २०१३ च्या कायद्याने तो हक्क आहे. पाच किलो तांदूळ म्हणजे चाळीस वाट्या. दिवसाला एक वाटी आणि वर तिसरा हिस्सा. त्यात कोणी काट्यावर दोनशे ग्रॅमने हात मारला तर दीड वाटीहून जास्त गेले, म्हणजे एका माणसाचा एक सबंध दिवस गेला. किलोचा हिशेब वाटीत करून पाहिला की चोरीचा खरा आकार दिसतो. रेशन घेणाऱ्या प्रत्येकीला हा हिशेब यायला हवा असे मला वाटते.

मग स्वयंपाकघरातली वाटी का टिकली? एवढे राजे आले, कायदे आले, पण भात लावताना अजून आपण 'एकास दोन' म्हणतो. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरात नेले ते काही उगीच नाही. कारण सोपे आहे. ज्या वाटीने तांदूळ, त्याच वाटीने पाणी. वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. इथे घेणारी आणि देणारी एकच, म्हणून मापात पाप शिरायला जागाच नाही. माप वाईट नसतेच मुळी. दोन पक्ष आले आणि माप एकाच्याच हातात राहिले की ते वाईट होते.

फक्त वजन आणि माप यांची सरमिसळ करू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण शाळेत शिकतो आणि तेच तांदळाला लावतो. तांदळाचे तसे नाही. दाण्यांच्या मधे हवा असते, म्हणून लिटरभर तांदूळ भरतो साधारण ८०० ते ८५० ग्रॅम. उलट एक किलो तांदळाला जागा लागते जवळजवळ सव्वा लिटरची, नेमके म्हणाल तर १.२ लिटरची. त्यामुळे 'एकास दोन' हे वाटीचे प्रमाण किलो-लिटरला लावून किलोभर तांदळात दोन लिटर पाणी घातलेत, तर ते पावणेदोन पटही होत नाही आणि कार्याच्या दिवशी भात टणक राहतो. किलोला दोन लिटर चारशे मिलिलिटर घाला, म्हणजे वाटीचे दुप्पट होईल.

आता विचारणाऱ्यांसाठी आकडे. सगळी मापे काठाबरोबर सपाट, शीग नाही!

आपली मध्यम वाटी (१५० मिलिलिटर) : सुमारे १२५ ग्रॅम. किलोच्या आठ.
अमेरिकेतला कप (२४० मिलिलिटर) : १८५ ते २०० ग्रॅम. किलोचे पाच ते साडेपाच. लांब दाण्याचा बासमती कमी भरतो, आंबेमोहोरासारखा आखूड दाणा जास्त.
ऑस्ट्रेलियातला कप (२५० मिलिलिटर) : सुमारे २०० ते २१० ग्रॅम.
विजेच्या राइस कुकरबरोबर येणारा कप (१८० मिलिलिटर) : सुमारे १५० ग्रॅम. किलोचे पावणेसात.

या शेवटच्या कपाबद्दल भाच्या नेहमी तक्रार करतात की तो इतर कपांपेक्षा लहान का. तो मुळात कप नाहीच. ते जपानचे जुने तांदळाचे माप आहे, 'गो'. हजार गो म्हणजे एक 'कोकू', एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. तिथल्या सरदारांची जहागीर एकरांत मोजत नसत, कोकूत मोजत. दहा हजार कोकूंच्या वर असेल तो 'दाइम्यो'. तिथेही शेतकरी तांदळानेच सारा भरायचा आणि तिथेही मापाचा आकार सोळाव्या शतकाच्या अखेरीस हिदेयोशी या सत्ताधीशाने एकसारखा करायला घेतला. जपाननेही पुढे किलो स्वीकारला, पण गो मात्र कुकरच्या खोक्यात बसून जगभर हिंडतो आहे, पार न्यू जर्सीतल्या आमच्या पुतणीच्या ओट्यापर्यंत!

आपली मापटी-चिपटी मात्र तशी कुठे गेली नाहीत. अधोली अजून भेटते ती लग्नाच्या दिवशी, उंबरठ्यावर, नव्या सुनेने पायाने आत लवंडायला तांदळाने भरून ठेवलेली. बाकीची नावे आमच्या वयाच्या माणसांबरोबर चालली आहेत. तुमच्या गावी पायलीला किती शेर होते, कुडव होता का, टिपरी होती का, खळ्यावर पहिल्या मापाला काय म्हणत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मला जरूर कळवा. एक वही केली आहे, तिच्यात लिहून ठेवते आहे. सोबत एवढेही विचारा की माप कोणाच्या हातात असायचे.